मिशन दवाखाना: लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याशी एका ख्रिस्ती मिशन हॉस्पिटलात मी २६ वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं स्त्री वॉर्डची इन्चार्ज. निवृत्त झाले तरी प्रश्न काही निवृत्त होत नाहीत. नात्यातल्या मुली, लग्नात भेटलेले पाहुणे, नर्सिंगला मुलगी घालायची का म्हणून फोन करणारे आईबाप, देणगी द्यायची म्हणणारे भले लोक, सगळे थोड्याफार फरकाने तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. काही गोष्टी आमच्या उणेपणाच्या आहेत आणि तिथली माणसं अजून कामावर आहेत.

मिशन हॉस्पिटल म्हणजे धर्मादाय. मग सगळं फुकट असतं ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की केसपेपरच्या खिडकीवर रोज एकदा तरी भांडण व्हायचं. "फुकटाचा दवाखाना आणि पैसे कसले मागता?"

केसपेपरचे पैसे पडतात, औषधाचे पडतात, ऑपरेशनचेही पडतात. शहरातल्या खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी, पण पडतात. बाहेरून येणाऱ्या पैशावर हॉस्पिटल चालतं असं लोकांना वाटतं. तो काळ कधीच गेला. आता पेशंटच्या बिलातूनच पगार निघतात, डिझेल निघतं आणि ज्याला देणं शक्य नाही त्याची सूटही त्यातूनच निघते. खासगी खोली घेणारा व्यापारी किंवा मास्तर जरा जास्त देतो, त्यावर जनरल वॉर्डातला एखादा तरून जातो. सरकारी योजनेत बसणारी ऑपरेशनं असतील तर तेही पैसे येतात. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. क्लेमचे पैसे यायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत औषधवाल्याला "पुढच्या आठवड्यात" सांगणं हे आमच्या अकाउंटंटचं मुख्य काम.

आणि ज्याच्याकडे खरंच काही नाही, त्याला?

त्याला परत पाठवत नाहीत. पण "नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे खरंच काही नसतं असंही नाही. हे ओळखायला एक माणूस बसलेला असायचा. कागदावर त्याचं पद समाजसेवक, वॉर्डात त्याला सगळे "सूटवाले भाऊ" म्हणायचे. तो पाय बघायचा. चप्पल आहे का, असली तर कसली, टाचांच्या भेगा किती खोल आहेत. मग विचारायचा, बैल किती? घरून ज्वारी कोण आणून देतंय? यंदा ऊसतोडीला गुजरातेत गेला होतात का, उचल किती घेतली? पाच मिनिटांत आकडा ठरायचा. क्वचित चुकायचा.

काही जण नंतर येऊन फेडायचे. मोहाच्या दिवसांत, मक्याच्या दिवसांत. कोंबडी तर नेहमीचीच. एका बाळंतिणीच्या सासऱ्याने दीड वर्षानंतर अर्धं पोतं तूर आणून ठेवली होती आणि पावती मागितली होती. पावतीवर तूर कशी लिहायची यावर ऑफिसात अर्धा तास चर्चा.

हे दवाखाने मुळात काढले कोणी?

वेगवेगळ्या मिशनांनी, बहुतेक १८७० ते १९४० या काळात. मराठी माणसाला सगळ्यात माहितीचं नाव मिरजेचं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे इकडे आले. आधी सांगलीत छोटा दवाखाना, मग १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल. मिरज-सांगलीला आज जे वैद्यकीय पंढरीचं रूप आलंय त्याचं मूळ तिथे आहे. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच, तिथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होतं. १९२८ मध्ये त्यांना 'सर' मिळालं, १९३३ मध्ये ते वारले. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांचे स्नेही होते.

वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक्समध्ये डॉ. गोहीन होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० भारतात अमेरिकेचा राजदूत होता. तळकोकणातलं पोर म्हणून आपण त्याचं कौतुक करायला हरकत नाही.

तमिळनाडूतलं वेल्लोरचं मिशन हॉस्पिटल आज अवाढव्य आहे, पण १९०० साली आयडा स्कडर यांनी ते सुरू केलं तेव्हा एकच खाट होती. आमच्याकडे येणारे निम्मे डॉक्टर वेल्लोर नाहीतर लुधियान्याच्या मिशन कॉलेजात शिकलेले, म्हणून ही नावं मला जेवणाच्या टेबलावर ऐकून पाठ झाली.

अजून गोरे डॉक्टर असतात का?

मी लागले तेव्हा एक म्हाताऱ्या मॅडम होत्या. माझ्या दुसऱ्याच वर्षी त्या मायदेशी गेल्या. त्यांच्यानंतर कुणी नाही. साधारण साठ-सत्तरच्या दशकापासून परदेशी मिशनरी कमी होत गेले, व्हिसा मिळेनासे झाले, आणि बरीच हॉस्पिटलं बंद पडायला आली. काही पडलीच. गावोगावी 'मिशन कंपाउंड' नावाची जागा असते, आत चिंचेची झाडं आणि कौलं उडालेली इमारत, ती त्यातलीच. उत्तर आणि मध्य भारतातली काही हॉस्पिटलं वाचली कारण १९७० मध्ये इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था उभी राहिली आणि तिने एकेक चालवायला घेतलं. नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं हॉस्पिटल तिच्याकडेच आहे. (ते आमचं नव्हे. विचारतात म्हणून सांगितलं.)

तिथे धर्म बदलायला लावतात का?

हा प्रश्न लोक आवाज खाली आणून विचारतात. तसं करायची गरज नाही.

सकाळी पावणेआठला चॅपलमध्ये उपासना होते. पेटी, टाळ, मराठी भजनं. स्टाफने यावं अशी अपेक्षा असते. पेशंटवर नसते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर टेबलाजवळ उभं राहून छोटी प्रार्थना करतात, पेशंटला आधी विचारून. "नको" म्हणणारा मी २६ वर्षांत दोनदा पाहिला, आणि दोघांचीही ऑपरेशनं व्यवस्थित झाली. उलट "माझ्यासाठी पण म्हणा" असं शेजारच्या खाटेवरून सांगणारे पुष्कळ. गळ्यात याहामोगी देवीचा ताईत, उशाशी पीरबाबाचा अंगारा आणि वर आमची प्रार्थना, असं एकाच खाटेवर असायचं. माणूस आजारी पडला की कुणाचंच सोडत नाही.

आमच्या स्टाफमध्ये मुसलमान ड्रायव्हर होते, हिंदू वायरमन, भिल्ल आया. भिंतीवर वचनं लिहिलेली असतात, नाताळला तारा लागतो. हे मिशन हॉस्पिटल आहे, ते लपवण्यासारखं काही नाही. पण वचन वाचल्याशिवाय सलाईन लागत नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याने ते पाहिलेलं नाही.

दिवस कसा जातो?

तीन शिफ्ट. सकाळची सातला. रात्रपाळीवाली पोरगी डोळे चोळत ओव्हर देते: कोणाला ताप, कोणाची लघवीची पिशवी भरली, कोण डामा गेलं. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून निघून गेलेला पेशंट. आमच्याकडे तो रोजचा शब्द होता. "सातनंबर डामा गेला" म्हणजे पहाटे उठून खाट रिकामी दिसली.

मग राउंड. राउंडला डॉक्टरांच्या मागे आमचं लटांबर, आणि आमच्या मागे नातेवाइकांचं. ओपीडी नऊला सुरू व्हायची ती संपेपर्यंत. बाजाराच्या दिवशी संपायचीच नाही, कारण बाजारही होतो आणि दवाखानाही.

दुपारी दोन ते चार हा माझा आवडता वेळ. वॉर्ड शांत. तेव्हा आम्ही गॉज कापायला बसायचो. मोठा ठाण उलगडायचा, मापाने कापायचा, कडा आत दुमडून घड्या घालायच्या, दहा-दहाच्या गड्ड्या करून ड्रममध्ये भरायच्या. ड्रम वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जायचा. बाहेर चिकटवलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की समजायचं झालं. मी लागले तेव्हा रबरी हातमोजेही धुऊन परत वापरायचे. पाण्यात बुडवून फुगवायचे, बुडबुडा आला की ते बोट भोकाचं. मग दोरीवर वाळत घालायचे. पहिल्या दिवशी मागच्या व्हरांड्यात दोरीवर पन्नासेक पांढरे हात वाऱ्यावर हलताना पाहून मला घरी पळून जावंसं वाटलं होतं. आता एकदा वापरून टाकायचे मोजे आले, बरं झालं, पण गॉज कापताना ज्या गप्पा व्हायच्या त्या विकतच्या पाकिटातून येत नाहीत.

पेशंट कधी जास्त असतात?

पावसाळ्यात. जुलै ते ऑक्टोबर खाटांखाली सतरंज्या. मलेरिया, हगवण, साप, फवारणीचं विष. कार्तिकात मजूर ऊसतोडीला गुजरातेत निघाले की गावंच रिकामी, वॉर्डही रिकामा. थंडीत सिकलसेलवाले येतात, म्हणजे रक्ताचा हा आनुवंशिक आजार असलेले. सांधे आणि पाठ असं दुखतं की धट्टाकट्टा तरुण लहान पोरासारखा रडतो. त्यांच्याकडे कार्ड असतं, लाल म्हणजे आजार, पिवळं म्हणजे वाहक. लग्न जमवताना दोन पिवळी कार्डं एकत्र येऊ नयेत म्हणून आम्ही सांगून सांगून थकायचो.

होळीच्या आधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो. त्या आठवड्यात पोटाला टाके असलेला माणूससुद्धा डामा जातो. ढोलाचा आवाज खिडकीतून यायला लागला की आम्ही ड्रेसिंगचं सामान बांधूनच द्यायचो, थांबवण्यात अर्थ नसायचा.

डोंगरातून येतात कसे?

आता १०८ आहे, २०१४ पासून. रस्ता असेल तिथपर्यंत येते. त्याच्या पुढे बांबूलन्स. दोन माणसं, एक बांबू, बांबूला बांधलेली चादरीची झोळी, झोळीत बाई. पेपरवाल्यांनी हा शब्द विनोदाने काढला असेल, पण उतारावर झोळी हलू नये म्हणून मागचा माणूस पावलं कशी टाकतो हे पाहिलं की विनोद आठवत नाही. चार तास चालून आलेली बाई, मूल आडवं, एक हात बाहेर. अशा वेळी डॉक्टरांनी मणक्यात भूल द्यायची आणि त्यांनीच सिझर करायचं. भूलतज्ज्ञ यायला दोन तास, तेवढा वेळ कुठला.

सापाचं औषध असतं का? माणूस वाचतो का?

असतं. वेळेत आला तर बहुतेक वाचतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही जातींवर चालणारी एकच लस असते. पांढरी भुकटी, छोट्या बाटलीत. त्यात पाणी घालून ती हातात हळूहळू फिरवायची. घाईने हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं. सुरुवातीलाच साधारण दहा बाटल्या लागतात. बाहेर बायको ऊर बडवत असते आणि आत तुम्ही दहा बाटल्या एकामागून एक शांतपणे गोल गोल फिरवत बसलेल्या. नवीन पोरींना हेच सगळ्यात अवघड जातं. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त साकळत नाही. म्हणून कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं. मग नळी तिरकी करायची. रक्त ओघळलं तर विष भिनलं. एवढी साधी तपासणी, मशीन नाही, वीज नाही.

मण्यारचं वेगळं. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो आणि डोळे उघडेनात.

२००७ च्या जुलैत तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा असाच आला. लस दिली, पण श्वास थांबत आला होता. हॉस्पिटलात व्हेंटिलेटर एक, त्यावर विष प्यायलेली बाई. सुरत तीन तासांवर. डॉक्टरांनी घशात नळी घातली, अँबूबॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, जोडली आणि माझ्या हातात दिली. दर चार-पाच सेकंदांनी एकदा दाबायची. थांबायचं नाही.

तासाभरात माझे हात गेले. मग शिकाऊ मुली, मग वॉर्डबॉय, मग त्याचा बाप. बाप रडायला लागला की लय चुकायची. काकाला बसवलं. काका गावात ढोल वाजवायचा. त्याला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, दोनदा दाबून दाखवलं, बस. रात्रभर त्याचा एक ठोका चुकला नाही. मधे चहा पाजला तोही दुसऱ्याने कप धरून. मण्यार चावलेल्याला हलता येत नाही, पण बरेचदा ऐकू येत असतं. म्हणून आम्ही बापाला सांगितलं, बोलत राहा. बाप काय बोलणार? तो बैलांबद्दल बोलत होता. कुठला बैल लंगडतोय, पेरणी कुठवर आली. चाळीस तासांच्या आसपास असं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी टॉर्च घेऊन गेले तर पापणी थोडी उचलली. मग पायाचा अंगठा.

नळी काढल्यावर घसा बसला होता, पण पहिलं वाक्य त्याने बापाला विचारलं की लंगडणारा बैल कुठला, आपला की मामाचा.

विंचवाचं काय?

विंचवाला आता प्राझोसिनची गोळी आहे. तिचा उपयोग शोधून काढणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचे. मिशनचे नव्हेत, पण त्यांचा ऋणी नाही असा ग्रामीण दवाखाना महाराष्ट्रात नसेल. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रक्त लागलं तर?

इथे सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो. परवाना असलेल्या रक्तपेढीशिवाय रक्त काढून लगेच दुसऱ्याला देता येत नाही, आणि विकत घेतलेलं रक्त १९९८ पासून बंद आहे. दोन्ही नियम योग्यच आहेत. पण रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी, रात्रीचे दोन, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना आणि नातेवाईक म्हणतात "आमच्यात रक्त देत नाहीत, ताकद जाते." मग ड्रायव्हर आईसबॉक्स घेऊन निघतो, सोबत आमच्यातलेच दोघे, रक्तपेढीत दान करायला. मेट्रनच्या टेबलाच्या काचेखाली स्टाफच्या रक्तगटांची यादी होती. 'ओ निगेटिव्ह' पुढे एकच नाव, स्वयंपाकघरातल्या मावशीचं. त्या गावाला गेल्या की आम्हाला सांगून जायच्या.

बडव्याकडे, म्हणजे गावच्या भगताकडे, जाऊन मग दवाखान्यात येतात ना लोक?

येतात. आमच्याकडच्या नव्या डॉक्टरांना त्याचा भारी राग. मलाही सुरुवातीला यायचा. चटके दिलेलं बाळ पाहिलं की अजूनही येतो. पण बडवा गावात असतो, रात्री उठतो, त्याची भाषा त्यांची असते, आणि उधारी ठेवतो. यातल्या किती गोष्टी आपण करतो? आमच्या एका डॉक्टरांनी दोन-तीन बडव्यांना बोलावून जेवू घातलं आणि सांगितलं, तुमचं करा, पण डोळे मिटायला लागले किंवा बाई अडली की आधी आमच्याकडे धाडा. त्यातला एक नंतर स्वतःच हर्नियाला येऊन झोपला. मंत्राचा धागा मी ऑपरेशन थिएटरात कधी कापला नाही, सोडवून पेशंटच्याच हातात दिला.

भाषा?

मी नगरची. भिली मला वर्षभर कळली नाही. तिथे सगळ्यांना "तू". डॉक्टरलाही तू, कलेक्टर आला तरी तू. मला पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने "ए बाई, तू सुई हळू टोच" म्हटल्यावर मी तडकले होते. नंतर कळलं, त्यांच्या बोलण्यात अहोजाहोच नाही, आणि अपमानही नाही.

नातेवाईक कुठे राहतात? जेवणाचं काय?

एका पेशंटमागे चार माणसं, कधी शेळीसुद्धा. मागच्या बाजूला लांब पत्र्याची ओसरी, तिथे दगडांच्या चुली. लाकडं घरून आणायची. संध्याकाळी दादर ज्वारीच्या भाकरीचा वास आणि धूर स्त्री वॉर्डात शिरायचा, दम्याच्या पेशंटला त्रास व्हायचा, आणि आम्ही दर वर्षी ओसरी लांब न्यायचा ठराव करायचो. ती अजून तिथेच आहे. पेशंटला हॉस्पिटलकडून पातळ वरण आणि भात मिळतो. बाळंतिणीला अंडं. चवीबद्दल तक्रार असते आणि ती खरी आहे.

वीज, पाणी?

वीज जाते. जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटर, लेबररूम आणि लहान बाळांच्या पेटीसाठी. बाकी वॉर्ड टॉर्चवर. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा टँकर. एवढंच.

पेशंट दगावला तर बिलासाठी अडवतात का?

मृतदेह बिलासाठी अडवता येत नाही, कायद्यानेच. विष, साप, जळीत, मारहाण असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसकेस, होते, पोलिसांना कळवावं लागतं आणि पोस्टमॉर्टेम सरकारी दवाखान्यात. नातेवाइकांना वाटतं आम्हीच लांबवतोय. खरी अडचण गाडीची असते. भाडं ऐकून बाप गप्प बसतो. असे काही गप्प बाप मला अजून आठवतात. हॉस्पिटलची जीप द्यायची की नाही यावर आमचे आपसात वाद व्हायचे, कारण ती गेली आणि मागून अडलेली बाई आली तर? दोनदा दिली नाही. त्यातल्या एका वेळी मागून कुणीच आलं नाही.

डॉक्टर का टिकत नाहीत?

लोकांना वाटतं पगार. पगार कमी असतोच. पण मी पाहिलेले बहुतेक गेले ते मुलांच्या शाळेसाठी. मूल पाच वर्षांचं झालं की बायको नकाशा काढून बसते. वेल्लोरसारख्या ठिकाणी मिशनच्या राखीव सीटवर शिकलेल्यांना दोन वर्षं अशा हॉस्पिटलात द्यावी लागतात. पहिल्या वर्षी त्यांना आम्ही शिकवतो, दुसऱ्या वर्षी ते आम्हाला उपयोगी पडतात, आणि मग निरोपसमारंभ. माझ्याकडे निरोपाच्या ग्रुपफोटोंचा एक अख्खा डबा आहे. डॉक्टर दर फोटोत वेगळे, आया आणि वायरमन तेच, फक्त केस पांढरे होत गेलेले.

जे राहिले ते वेडे होते असं म्हणायची पद्धत आहे. वेडे नव्हते. त्यांना सर्जरी, बाळंतपण, हाड बसवणं, टीबी, सगळंच करायला मिळायचं, आणि ते त्यांना आवडायचं. त्यागबिग नंतर सत्काराच्या भाषणात येतो.

माझ्या मुलीला अशा ठिकाणी नर्सिंगला पाठवू का?

एएनएमचा कोर्स दोन वर्षं, जीएनएमचा तीन. शिकायला याच्यासारखी जागा नाही. शहरातल्या मोठ्या कॉलेजात चाळीस मुली एका बाळंतपणाभोवती उभ्या असतात, इथे रात्री दोनला तीच एकटी असते आणि मावशी. हात तयार होतो. हॉस्टेलचे नियम कडक, फोन रात्री जमा, रविवारी चर्च. मुलगी हळवी असेल तर पहिले सहा महिने रोज रडेल, तुम्ही न्यायला येऊ नका. दोन वर्षं झाली की ती आखातात जायचं म्हणेल. तेव्हाही अडवू नका.

देणगी द्यायची आहे. काय पाठवू?

घरातली उरलेली औषधं पाठवू नका. आम्ही ती निवडत बसायचो आणि निम्मी मुदत संपलेली निघायची. जुन्या साड्या चालतात, दुपटी होतात. सगळ्यात उपयोगी म्हणजे साखर तपासायच्या पट्ट्या, पांढऱ्या चादरी आणि डिझेलचे पैसे. डिझेलला कुणी देत नाही कारण त्यावर नावाची पाटी लावता येत नाही. आमच्याकडे एका दात्याच्या नावाचे तीन वॉटर कूलर होते आणि तिन्हीत पाणी नव्हतं.

परदेशातून पाठवणार असाल तर आधी हॉस्पिटलला विचारा. २०२० च्या बदलानंतर विदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते, आणि त्यासाठी संस्थेची नोंदणी चालू लागते.

चार दिवस येऊन बघता येईल का? फोटो काढले तर चालतील?

या. आधी चिठ्ठी किंवा फोन करा. परदेशात शिकलेला भाचा डॉक्टर असेल तर त्याला इथल्या परवानगीशिवाय पेशंटला हात लावता येणार नाही, गॉज कापता येईल. फोटो पेशंटचे नकोत. आजारी बाईला कुणी विचारत नाही आणि तिचा फोटो मग कुठल्या तरी कॅलेंडरवर येतो.

शेवटची एसटी साडेसहाला फाट्यावर येते. ती चुकली तर गेटवरच्या मामांना सांगा, ते स्त्री वॉर्डामागच्या खोलीची किल्ली देतात. टॉर्च स्वतःचा आणा. खाटेवरच झोपा, जमिनीवर नको. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचा. खोलीत एक मोठी पाल आहे, तिला हाकलू नका, ती माझ्या आधीपासून तिथे आहे.